लीफचा कॅमेरा स्कॅनर नव्हता

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा ‘लीफ डीसीबी’ हा डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मऐवजी कॅमेऱ्याच्या पाठीला लावायचं डिजिटल उपकरण. तो निव्वळ स्कॅनर होता, त्याला फ्लॅश चालायचा नाही आणि माणसांचे फोटो निघायचेच नाहीत, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. हे चूक आहे.

स्कॅनरसारखे ओळीओळीने सावकाश चित्र टिपणारे डिजिटल बॅक होते, आणि त्यांना क्षणभराचा फ्लॅश चालायचा नाही; पण ते वेगळे. लीफमध्ये २०४८ × २०४८ पिक्सेलचा चौकोनी सेन्सर होता आणि तो अख्खी चौकट एकाच वेळी टिपायचा. म्हणून स्टुडिओ फ्लॅश बिनदिक्कत चालायचा.

घोळ झाला तो रंगामुळे. सेन्सरला फक्त उजेड कळायचा, रंग नाही. म्हणून लेन्सपुढे फिल्टरचं चाक फिरायचं: लाल, हिरवा, निळा. तीन वेळा फ्लॅश उडायचा आणि केबलने जोडलेला मॅकिंटॉश संगणक तिन्ही चित्रं एकावर एक बसवायचा. मधल्या वेळात फुलाची पाकळी जरा जरी हलली, तरी तिच्या कडेला रंगीत झालर उमटायची. त्यामुळे रंगीत काम घड्याळं, भांडी, दागिने अशा स्थिर वस्तूंचंच. कृष्णधवल फोटोला मात्र एकच टिपण पुरायचं, आणि तिथे समोर हसतं-बोलतं माणूस खुशाल बसवता यायचं.

शिवाय प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग खरोखर मोजलेले मिळायचे. आजचे बहुतेक कॅमेरे त्यातले दोन शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतात.