स्लाव्ह भाषांतील ऋतू : हिवाळा एकच, वसंत अनेक

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन, यांपैकी कोणत्याही भाषेत हिवाळ्याला ‘झिमा’च म्हणतात; उच्चाराचा फरक पडलाच तर किरकोळ. संस्कृतातील ‘हिम’ आणि ‘हेमन्त’ हे या शब्दाचे जवळचे नातलग आहेत. संस्कृत आणि स्लाव्ह भाषा जिच्यापासून निघाल्या त्या मूळ भारत-युरोपीय भाषेतील एका महाप्राण व्यंजनाचा संस्कृतात ‘ह’ झाला, तर स्लाव्ह भाषांत ‘झ’. मराठी ‘वाहणे’मागचा ‘वह्’ धातू याच नियमाने रशियनमध्ये ‘वेझू’, म्हणजे ‘मी वाहनातून नेतो’, या रूपात भेटतो.

वसंताच्या बाबतीत मात्र ही एकी टिकली नाही. रशियन ‘वेस्ना’ आणि पोलिश ‘व्योस्ना’ आपल्या ‘वसंत’च्याच कुळातील आहेत, परंतु चेकमध्ये ‘वेस्ना’ काव्यापुरती उरली असून रोजच्या बोलण्यात ‘यारो’ आहे, ज्याचे मूळ ‘वर्ष’ या अर्थाच्या जर्मन ‘यार’शी जुळते. सर्बियन ‘प्रोलेचे’ आणि बल्गेरियन ‘प्रोलेत’ यांचा अर्थ ‘उन्हाळ्याआधीचा काळ’ असा होतो. स्लोव्हेनियन ‘पोमलाद’मध्ये ‘म्लाद’, म्हणजे ‘तरुण’, हा शब्द आहे.

शरदासाठी बहुतेक भाषांत एकच जुना शब्द आहे, आणि गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील ‘असान्स’, म्हणजे ‘कापणी’, हा शब्द त्याचा नातलग आहे. पोलिश ‘येशेन’ आणि रशियन ‘ओसेन’ वेगळे वाटतात, पण शब्दारंभीच्या ‘ये’च्या जागी रशियनमध्ये अनेकदा ‘ओ’ येतो. तळ्याला पोलिशमध्ये ‘येझ्योरो’ आणि रशियनमध्ये ‘ओझेरो’ म्हणतात. चेक भाषेने येथेही वेगळी वाट धरली. तिचा ‘पोदझिम’ म्हणजे हिवाळ्याच्या उंबरठ्यावरचा काळ, जसा ‘पोदवेचेर’ हा संध्याकाळच्या आधीचा. माझ्या मते ‘प्रोलेत’ आणि ‘पोदझिम’ यांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसते : थंडी आणि ऊन हे वर्षाचे दोन पक्के खांब ठरले, आणि मधल्या ऋतूंची ओळख काही भाषांनी त्यांच्यावरूनच करून दिली.

उन्हाळ्याचा ‘लेतो’ या सर्वांत विलक्षण आहे, कारण वर्षांची मोजणीही त्याच्याकडे आली. रशियन माणूस वय सांगताना ‘प्यात लेत’, म्हणजे ‘पाच वर्षे’, असे म्हणतो. शब्दशः पाहता ते पाच उन्हाळे होत. ऋग्वेदात ‘शतं हिमाः’ अशी शंभर हिवाळ्यांची, तर ‘जीवेम शरदः शतम्’मध्ये शंभर शरदांची मागणी आहे, आणि आपले ‘वर्ष’ मुळात पावसाचे आहे. स्लोव्हेनियनमध्ये तर ‘लेतो’ला केवळ ‘वर्ष’ हाच अर्थ उरला आहे, आणि उन्हाळ्यासाठी त्याच शब्दापासून घडलेला ‘पोलेत्ये’ वापरतात.