नरकासुराच्या बैठकीत कल्पना कुठे अडतात?

दसरा उलटला की गोव्यात वाड्यावाड्यावर, दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी बैठका सुरू होतात. वर्गणी किती, सांगाडा कुठे उभा करायचा, हे झटपट ठरतं. घोडं अडतं ते ‘यंदा वेगळं काय?’ या प्रश्नावर. वयाने मोठा कुणीतरी म्हणतो, ‘मान हलती ठेवूया.’ झालं. पुढचा पाऊण तास मानेतच जातो: मोटर कुठून आणायची, गाडीच्या वायपरची चालेल का, गेल्या वर्षी म्हापशात कुणाची हलली होती. वेल्डिंग जाणणारा पोरगा मागच्या बाकावर मोबाईल चाळत बसलेला असतो. बैठक झकास झाली असं सगळ्यांना वाटतं, पण पदरात कल्पना पडलेली असते एकच.

एकत्र बसून कल्पना काढण्याच्या या प्रकाराला पद्धतशीर रूप दिलं अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याने. बीबीडीओ या जाहिरात कंपनीच्या नावातला ‘ओ’ त्याचाच. नियम चारच: टीका नको, भन्नाट कल्पनांना मुभा, जितक्या जास्त तितकं बरं, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. माणसाला एकट्यापेक्षा गटात दुप्पट कल्पना सुचतात, असा दावा त्याने १९५० च्या दशकातल्या आपल्या पुस्तकात केला.

१९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या डोनाल्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. एकीकडे चार-चार जणांचे १२ गट, दुसरीकडे एकेकटे विचार करणारे ४८ जण. एकट्यांच्या उत्तरांची नंतर चार-चारात बेरीज केली; एकच कल्पना दोघांना सुचली असेल तर ती एकदाच धरली. विचारलेल्या प्रश्नांपैकी एक गोंयकारांच्या ओळखीचा वाटेल: युरोपातले पर्यटक अमेरिकेत जास्त यावेत म्हणून काय करावं? निकाल ऑस्बर्नच्या नेमका उलटा लागला. एकट्यांच्या बेरजेत कल्पना जवळपास दुप्पट भरल्या.

असं का व्हावं? पहिला संशय आळसावर जातो आणि तो अगदीच खोटा नाही. बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. सहाच्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या ४० टक्क्यांवर आला. यातला काही भाग आवाज एकमेकांत मिसळण्याचा म्हणून सोडून द्या. पण डोळे बांधून, कान झाकून, ‘सोबत पाच जण ओरडताहेत’ असं नुसतं भासवलं तरी माणूस ७४ टक्क्यांवरच थांबला. शिगम्यात रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशाच्या मिरवणुकीत, एकसाथ ‘ओस्सय’ म्हणणाऱ्यांवर हा प्रयोग कुणीतरी करून पाहायला हवा. माझा अंदाज, आकडे वेगळे येतील.

मुख्य कारण मात्र मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांना १९८७ मध्ये सापडलं, आणि ते फारच साधं आहे. गटात एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि समोर दिवे लावले. दुसरं कुणी बोलत असलं की दिवा लागे. दिवा विझेपर्यंत गप्प राहा, असं ज्यांना सांगितलं त्यांच्या कल्पना निम्म्याच्या आसपास घसरल्या. दिव्याकडे लक्ष देऊ नका, असं ज्यांना सांगितलं त्यांचं काही बिघडलं नाही. टीका करायला समोर कुणी नव्हतं, लाजायचंही कारण नव्हतं. चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रायबंदरच्या धक्क्यावर गाड्या खोळंबतात तशा कल्पना डोक्यात खोळंबतात. फरक एवढाच की गाडी जागेवर राहते. कल्पना धरून ठेवायची तर नवी सुचत नाही, आणि नवीच्या मागे लागलं तर हातची निसटते.

तरीही बैठकीनंतर समाधान वाटतंच. गटात क्वचितच शांतता पसरते, आणि दुसऱ्याची कल्पना आपल्यालाही सुचली होती असं नंतर खरोखर वाटू लागतं.

उपाय स्वस्त आहे. जर्मनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या एका पद्धतीत सहा जण बसतात. प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. असं सहा वेळा केलं की अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात. पुष्कळशा टाकाऊ निघतील, पण मागच्या बाकावरच्या वेल्डरच्या तीन त्यात नक्की असतील.

निवडायला मात्र एकत्रच बसावं. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ६९९ जणांवर केलेल्या अभ्यासात गटाच्या हुशारीचा सदस्यांच्या सरासरी बुद्ध्यांकाशी फारसा संबंध दिसला नाही. समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं जिथे होती आणि बोलायची पाळी जिथे सगळ्यांत वाटली जात होती, ते गट सरस ठरले. एकदोघेच बोलत राहिले तिथे गट मागे पडला.

या टप्प्यावर टीकेचं भय नको. शार्लन नेमेथ यांच्या २००४ च्या अभ्यासात ‘वाद घाला’ असं सांगितलेल्या गटांनी टीका टाळणाऱ्या गटांपेक्षा थोड्या जास्तच कल्पना काढल्या. आपल्या वाड्यावर वाद घाला म्हणून वेगळं सांगावं लागत नाही. सगळ्यांचे कागद वाचून होईपर्यंत तो थोपवणार कोण, ते तेवढं आधी ठरवा.