ओट्याचा टॉप स्वतः करणार असाल, तर आधी कड बघा

दगडाला पर्याय शोधत येणारे बहुतेक ग्राहक रंगापासून सुरुवात करतात. नमुन्याचा तुकडा उजेडात धरतात, नखाने ओरखडून बघतात, घरच्यांना फोटो पाठवतात. त्याच तुकड्याची कापलेली बाजू मात्र क्वचितच कोणी बघतं. ओटा मधोमध सहसा बिघडत नाही. बिघडतो तो सिंकभोवती, सांध्यावर आणि पुढच्या कडेला, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून आमचे पहिले दोन प्रश्न असे असतात: आतला गाभा पाणी सोसेल का, आणि तुमच्याकडच्या हत्यारांनी तो घरी नीट कापता येईल का? रंगाचं नंतर बघू.

तिसरा प्रश्न वजनाचा. 2 मीटर लांब आणि 60 सेंमी रुंद टॉप धरला, तर 20 मिमी ग्रॅनाइटचं वजन साधारण 65 किलो होतं. 40 मिमी जाडीचा काँक्रीटचा टॉप 115 किलोच्या घरात जातो. त्याच मापाचं 40 मिमी ओक लाकूड 35 किलोच्या आसपास, 12 मिमी सॉलिड सरफेस (रेझिन आणि खनिज भुकटीचा तक्ता) 25 आणि 12 मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेट (आरपार लॅमिनेटचाच तक्ता) 20 किलोच्या आसपास भरतं. खालची कपाटं प्लायची असोत की लोखंडी फ्रेमची, हा भार त्यांना पेलायचा आहे. जिन्यावरून वर तो तुम्हालाच न्यायचा आहे.

लॅमिनेट: स्वस्त, सोपं, पण गाभा विचारून घ्या

लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागदाचे थर, जाडी जेमतेम 1 मिमी. हा पत्रा स्वतः पाण्याला दाद देत नाही. खाली पार्टिकल बोर्ड असेल, तर कापलेल्या कडेतून शिरलेल्या पाण्याने तो फुगतो आणि वाळल्यावरही परत बसत नाही. त्याऐवजी मरीन प्लाय घ्या. खर्च वाढतो, पण सिंकजवळच्या भागासाठी आम्ही दुसरं काही सुचवत नाही. पत्रा स्वतः चिकटवणार असाल, तर प्लायच्या खालच्या बाजूलाही लॅमिनेट लावा, साधं चालेल. एकाच बाजूला लावलं की दोन बाजू दमटपणा सारख्या घेत नाहीत आणि फळी वाकते.

कॉम्पॅक्ट लॅमिनेट: आमची पहिली पसंती

तेच कागदाचे थर, पण आरपार. वेगळा गाभा नसल्यामुळे कड उघडी ठेवली तरी चालते आणि सिंक खालून बसवता येतं. 12 मिमीचा पातळ टॉप दिसायलाही सुबक. मात्र हा माल कडक आहे. कार्बाइड दात असलेलंच पातं लागतं, तेही लवकर बोथट होतं. स्क्रू थेट मारू नका. आधी भोक पाडा, आणि ते आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलच्या बिटावर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. हवामानाबरोबर हा तक्ताही थोडा आकसतो-पसरतो, म्हणून भिंतीला टेकवून ठोकून बसवू नका.

लाकूड

ज्यांना हाताने काम करायला मनापासून आवडतं, त्यांनी लाकूड घ्यावं. ज्यांना एकदा बसवून विसरून जायचंय, त्यांनी घेऊ नये. घरच्या हत्यारांनी ते सगळ्यांत सहज कापलं जातं, ओरखडे काचपेपरने जातात, डाग घासून काढता येतो. पण लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. ते लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. 60 सेंमी रुंद टॉप कोरड्या आणि दमट ऋतूत काही मिलिमीटर पुढे-मागे होतो. कपाटाला तो गोल भोकांतून स्क्रू मारून जखडला की एक दिवस मधोमध चिरतो. म्हणून भोकं लांबट पाडा, लांबटपणा टॉपच्या रुंदीच्या दिशेने ठेवा, रुंद वॉशर घाला, स्क्रू अती आवळू नका आणि भिंतीपाशी फट ठेवा. टाइलची पट्टी ती झाकते.

तेल दोन्ही बाजूंना लावायचं. खालची बाजू दिसत नाही म्हणून ती कोरडी सोडली जाते, आणि टॉप वाकला की लाकडाला दोष दिला जातो. सिंकच्या कापलेल्या कडेला लाकडाच्या रेषांची तोंडं उघडी असतात. तिथे तेल सगळ्यांत जास्त पितं, तेव्हा पिणं थांबेपर्यंत लावत राहा. ओक घेणार असाल, तर ओला लोखंडी तवा किंवा स्टील वूलचे कण त्यावर राहू देऊ नका. ओकमधलं टॅनिन आणि लोह पाण्यात एकत्र आले की काळा डाग पडतो.

हे लक्षपूर्वक वाचा: जवसाच्या तेलाने किंवा ते असलेल्या पॉलिशने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि गोळा झालेल्या चिंध्या कोणी काडी न लावताही पेटू शकतात. त्या बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

सॉलिड सरफेस

ॲक्रिलिक रेझिन आणि ॲल्युमिनियमची खनिज भुकटी यांचं हे मिश्रण सुतारी हत्यारांनी कापलं जातं. जुळत्या रंगाच्या चिकटद्रव्याने जोडून घासलं की सांधा दिसतच नाही. हौशी माणसाला मात्र हाच सांधा अवघड जातो, म्हणून पहिलं काम एकसंध, सरळ तुकड्याचंच घ्या. गरम भांडं थेट ठेवायचं नाही. तसं ते लॅमिनेटवरही ठेवायचं नाही. खालचा स्टँड ही सवय लावूनच घ्या.

स्टील, टाइल, काँक्रीट

स्टीलला उष्णतेची भीती नाही. 304 ग्रेड घ्या (त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं), 18 मिमी प्लायवर चिकटवा, म्हणजे आवाज आणि पोचे कमी होतात. कड मात्र वर्कशॉपमधूनच वाकवून आणा. ग्राइंडरने घरी कापलेली कड हात कापते. ओरखडे पहिल्या दिवसापासून पडतील, हळूहळू ते एकमेकांत मिसळून जातात. ब्लीच वापरू नका, त्याने बारीक खड्डे पडतात.

टाइलमध्ये टाइलपेक्षा सांधे महत्त्वाचे. पोर्सिलेन टाइल 0.5 टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही, पण सिमेंटचं ग्राउट (सांध्यांत भरायचं मिश्रण) तेल आणि हळद दोन्ही पितं. इपॉक्सी ग्राउट भरा आणि मोठ्या टाइल घ्या, म्हणजे सांधेच कमी होतील.

काँक्रीट फोटोत फार छान दिसतं. त्यातला चुना लिंबू आणि व्हिनेगरला लागलीच प्रतिसाद देतो, आणि सीलर जिथे झिजला तिथे फिकट वर्तुळं उमटतात. ज्यांना असे डाग शोभेचे वाटतात त्यांनी खुशाल करावा. संगमरवराचंही तेच.

कृत्रिम क्वार्ट्‌झ घरी कापू नका

या स्लॅबमध्ये साधारण 90 टक्के किंवा त्याहून जास्त क्वार्ट्‌झ असतो. क्वार्ट्‌झ म्हणजे सिलिकाच. कापताना उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदी घातली ती याच कारणाने. बसवून झालेल्या ओट्यापासून हा धोका नाही, धोका कापण्यात आणि घासण्यात आहे. हा स्लॅब आम्ही कापण्यासाठी देत नाही, ग्राइंडरही त्यासाठी भाड्याने देत नाही. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. तेही पाण्याखाली कापणाऱ्या कारागिराकडे सोपवा.

सिंकची खाच

अर्धा दिवस यासाठीच राखून ठेवा. सिंकसोबत आलेला कागदी साचा टॉपवर टेपने चिकटवा आणि खाली कपाटाची उभी फळी किंवा पाइप येत नाही ना, हे वाकून बघा. चारही कोपऱ्यांत आधी गोल भोकं पाडा. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून, विशेषतः कॉम्पॅक्ट लॅमिनेट आणि सॉलिड सरफेसमध्ये, तडा सुरू होतो. जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूचे कपचे उडतात. टॉप उलटा करून कापा किंवा खाली दात असलेलं पातं वापरा. कापत आणलेला तुकडा शेवटच्या क्षणी स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि कोपरा फाडतो. त्याला खालून आधार द्या, किंवा दुसऱ्याला धरायला सांगा.

आता मुख्य काम. प्लायवर लॅमिनेट असेल, तर कापलेली कड बारीक काचपेपरने घासून तिच्यावर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. पहिला हात प्लाय पिऊन टाकतो, दुसरा वर राहतो. तो पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन लावून सिंक बसवा. एवढं करायला अर्धा तास लागतो. घाईत तोच वगळला जातो, आणि मग बदलावा लागतो अख्खा टॉप.

माप घेऊन या

भिंती काटकोनात आहेत असं धरून चालू नका. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 60 सेंमी, दुसरीवर 80 सेंमीवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 100 सेंमी आलं, तर कोपरा गुण्यात आहे. नसेल, तर जाड पुठ्ठ्याचा साचा कापून आणा, त्यावरून आम्ही तक्ता आखून देतो. कपाटं पाणसळीत आहेत का, तेही पाहून या. सोबत सिंकचा कागदी साचा आणि शेगडीचं माहितीपुस्तक आणा. शेगडीपासून भिंत आणि कड किती लांब हवी, ते त्यात छापलेलं असतं. आणि दुकानात आलात की नमुन्याचा तुकडा मागून घरी न्या. त्याची कापलेली कड रात्रभर पाण्यात उभी ठेवा, सकाळी जाडी मोजा.