मान धरणे आणि हाताचे उपचार (बेळगाव सीमाभाग)

मान धरणे म्हणजे मानेचे स्नायू आणि सांधे आखडून मान एका बाजूला वळेनाशी होणे. ती सुटावी म्हणून हाताने चोळून, दाबून, ताणून, हलवून जे काही करतात त्या सगळ्याला मिळून मॅन्युअल थेरपी म्हणतात, मग करणारा फिजिओथेरपिस्ट असो, वैद्य असो नाहीतर तालमीतला वस्ताद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सकाळी उठल्या उठल्या "मान धरल्या, वळंना झाल्या" असं ऐकू येतं, आणि शेजारच्या कन्नड घरात "कुत्तिगी हिडदैती" म्हणतात, गंमत म्हणजे दोन्हीचा अर्थ शब्दाला शब्द एकच, मान धरली. त्यामुळे दवाखान्यात भाषा अडत नाही, अडतं ते पुढचं. कोण म्हणतं शीर चढल्या, कोण म्हणतं मणका सरकलाय, कोण म्हणतं गॅप पडल्या, आणि पेशंट स्वतःच निदान घेऊन आला की "सरकलेलं बसवून द्या" एवढीच त्याची मागणी असते. रोजच्या मान धरण्यात बहुतेक वेळा काहीही सरकलेलं नसतं.

मानेत ७ मणके असतात (जिराफालाही तेवढेच) आणि त्यांच्यावर साधारण ५ किलोचं डोकं. वरचे दोन मणके, ॲटलस आणि ॲक्सिस, यांच्या जोडावरच मान वळण्याचं जवळजवळ निम्मं काम होतं. डोकं पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते तासन् तास ओढून धरावं लागतं, त्यात मानेमागून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस आणि खांद्याच्या पात्यापासून मानेला जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली हे दोघं आधी बोंबलतात. मोबाईलला सगळेच शिव्या घालतात, पण या भागात मान झुकवायला मोबाईलच लागतो असं नाही. निपाणीत विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर खाली बघत बसतात, शहापूर-वडगावात मागावर तुटलेला धागा शोधायला मान खाली, खानापूरकडे डोक्यावर जळणाचा भारा, ऊसतोडीत मोळी, आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर आठ तास एकाच कोनात उभं राहणं. २०२० साली जगात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे, म्हणजे हा आजार काही आपल्याच गल्लीचा नाही.

घरगुती उपाय भरपूर. उशी उन्हात टाकायची, मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं, आणि सगळ्यात भारी म्हणजे पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायचा. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, त्याचा पाय लागला की उसण जाते असं मानतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, पण साधी धरलेली मान बऱ्याचदा चार-आठ दिवसांत आपोआपच सुटते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी जो कोणी हात (किंवा पाय) लावेल त्याचं नाव होतं. हे फिजिओलाही लागू आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

तालमीतली मालीश ही खरी जुनी परंपरा. बेळगावात कुस्तीचं वेड मोठं, मेहनत झाली की तेल लावून पोरं एकमेकांची अंगं रगडतात, वस्तादाचा अंगठा बरोब्बर खांद्याच्या कडेच्या गाठीवर जातो आणि तो तिथेच दाबून धरतो, पोरगं ओरडतं, मग हळूहळू गाठ मऊ होते. फिजिओथेरपीत त्याच जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात आणि दाबायची पद्धतही जवळजवळ तीच.

आयुर्वेदात मान आखडण्याला मन्यास्तंभ म्हणतात आणि तो वाताच्या विकारांत धरतात. अभ्यंग म्हणजे तेल चोळणं, मग शेक, आणि ग्रीवा बस्ती. यात पेशंटला पालथं झोपवून मानेवर उडदाच्या पिठाचं आळं करतात, त्यात कोमट तेल ओतून ठेवतात, तेल थंड झालं की काढून पुन्हा कोमट घालतात. आराम वाटतो, उबेचाच त्यात मोठा वाटा असावा.

आता सलून. दाढी झाली की डोक्याची मालीश, आणि मग न विचारता हनुवटी धरून कडाक् डावीकडे, कडाक् उजवीकडे. मीही कॉलेजच्या वयात हे आवडीने करून घ्यायचो आणि आवाज आला नाही तर पैसे वाया गेल्यासारखं वाटायचं! तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम कमी होऊन तिथे वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज, म्हणून तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण २० मिनिटं जावी लागतात. धोका मात्र खरा आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतूनच वर चढतात आणि ॲटलसवरून वळसा घेतात, झटक्याने मान पिळली की धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात. हे क्वचित होतं पण होतं, २०२४ साली आपल्याच कर्नाटकात बळ्ळारीच्या एका तरुणाला सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर मानेतली धमनी फाटून पक्षाघात झाल्याची बातमी होती. म्हणून न्हाव्याला आधीच "मान नको" म्हणून सांगायचं, तो रागावत नाही.

झटका देऊन सांधा मोकळा करणं ही शिकलेल्या लोकांचीही पद्धत आहे, तिला मॅनिप्युलेशन म्हणतात. अमेरिकेत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये कायरोप्रॅक्टिक नावाची, मणक्यांवर हाताने उपचार करायची पद्धत सुरू केली तिचा पायाच हा. फरक एवढा की शिकलेला माणूस आधी तपासतो, विचारतो, आणि कित्येकदा मानेला हात न लावता पाठीच्या वरच्या मणक्यांवर झटका देतो, त्यानेही मानेला तात्पुरता आराम पडतो असं दिसलंय. फिजिओ जास्त करून मोबिलायझेशन करतात, म्हणजे झटका नाही, अंगठ्याने मणका हळूहळू लयीत दाबत हलवायचा. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या, पहिल्या दोन दुखणं शमवायला, तिसरी-चौथी आखडलेपणा काढायला. मसल एनर्जी नावाची आणखी एक पद्धत आहे, मान जिथे अडते तिथपर्यंत न्यायची, तिथे पेशंटने अगदी थोड्या जोराने फिजिओच्या हाताविरुद्ध पाच-सात सेकंद ढकलायचं, सैल सोडायचं, आणि मान आपसूक आणखी थोडी पुढे जाते, बघणाऱ्याला जादूच वाटते.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची, कारण ती घरी टॉवेलने जमते. समजा उजवीकडे मान वळत नाही. पातळ टॉवेलची कड मानेमागे दुखऱ्या मणक्यावर टेकवायची आणि दोन्ही टोकं पुढे घ्यायची. उजव्या हाताने डाव्या बाजूचं टोक धरून गालावरून डोळ्याच्या दिशेने ओढायचं, डाव्या हाताने दुसरं टोक छातीशी खाली धरून ठेवायचं आणि ओढ कायम ठेवून मान उजवीकडे वळवायची. करताना अजिबात दुखता कामा नये, दुखलं तर टॉवेल एक बोट वर-खाली सरकवायचा, तरी दुखलं तर सोडून द्यायचं. पहिल्यांदा कोणाकडून तरी शिकून घ्यावं, वाचून हात उलटे पडतात.

गुण किती येतो? २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २७२ जणांचे तीन गट केले होते, एकाला मॅनिप्युलेशन, एकाला गोळ्या, एकाला घरचे व्यायाम. १२ आठवड्यांनी मॅनिप्युलेशन गोळ्यांपेक्षा सरस ठरलं, पण घरी व्यायाम करणारेही जवळपास तितकेच बरे झाले. म्हणजे हाताने दुखणं उतरतं, मान वळायला लागते, आणि त्या मोकळ्या झालेल्या दिवसांत हनुवटी मागे ओढायचा, खांद्याची पाती जवळ आणायचा व्यायाम केला तर ते टिकतं. आपल्याकडे उलटं चालतं, शेक घेतला, करंट लावला, मान ताणायला वजन लावलं, तिसऱ्या सिटिंगला बरं वाटलं की चौथीला दांडी, व्यायामाचा कागद फ्रिजवर, आणि गळ्यात पट्टा घालून महिनोन् महिने फिरायचं, ज्याने स्नायू आणखी ढिले पडतात.

पडल्यावर किंवा गाडीवरून आपटल्यावर मान दुखत असेल, ताप असेल, हाताची पकड जात असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, एकाची दोन दिसत असतील, किंवा आजवर कधी झालं नाही असं एकदम जोरात दुखायला लागलं असेल तर कोणालाच हात लावू द्यायचा नाही, आधी डॉक्टर. आमवात, हाडं ठिसूळ असलेली म्हातारी माणसं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेले, यांनाही हेच.