पृथ्वीवार का नसतो?

"सोमवार चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, शनिवार शनीचा. मग मावशी, पृथ्वीवार का नाही?"

सात वर्षांच्या भाचीने हे विचारलं तेव्हा मी तिच्यासाठी आणलेला ग्रहांचा तक्ता भिंतीवर लावायच्या बेतात होते. तो तसाच गुंडाळून ठेवला. मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेत जायच्या आधीच पाच ग्रह तोंडपाठ असतात: मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. ही वारांची नावं आकाशातून आली आहेत, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

रात्रीचं आकाश नेमाने पाहणाऱ्या जुन्या लोकांच्या लक्षात आलं होतं, की तारे एकमेकांतली अंतरं सोडत नाहीत. आज जी आकृती दिसते तीच पुढच्या वर्षी दिसते. पण सात ज्योती या ताऱ्यांमधून सरकत राहतात: सूर्य, चंद्र आणि हे पाच ग्रह. ग्रीकांनी त्यांना 'भटके' म्हटलं. वारही सातच. पृथ्वीचं नाव त्यात आलं नाही, कारण ती आकाशात नव्हतीच, पायाखाली होती. पृथ्वीही या भटक्यांपैकीच एक आहे, हे सविस्तर मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली आला. तोवर वारांची नावं कधीच पक्की झाली होती.

युरेनस आणि नेपच्यून यांनाही वार मिळाला नाही. युरेनस अगदी काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण तो ग्रह आहे हे १७८१ साली विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून पाहताना कळलं, आणि तेही आधी त्याला धूमकेतू वाटला होता.

आता तक्त्याविषयी. आठ रंगीत गोळे, एकाला लागून दुसरा, डावीकडे सूर्याची पिवळी कड. चित्र देखणं असतं, पण त्यातली अंतरं साफ खोटी असतात. चित्रकाराचा यात दोष नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरं एकाच प्रमाणात दाखवायची तर कागद पुरतच नाही. म्हणून माझं मत असं, की नावं आणि रंग पाठ करून घेण्याआधी मुलाला हे अंतर पायांनी मोजू द्यावं.

आपली लाख-कोटीची मोजणी इथे फार सोयीची पडते. एक लाख किलोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर धरा. मग एक कोटी किलोमीटर म्हणजे बरोबर एक मीटर. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, म्हणून १४ सेंटिमीटरचा चेंडू हवा. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे टाचणीचं डोकं. गुरू १.४ सेंटिमीटरची गोटी. शनी तिच्याहून जरा लहान गोटी. युरेनस आणि नेपच्यून पाच-पाच मिलिमीटरचे मणी. बुध आणि मंगळ हे बारीक पेनाचे ठिपके.

चेंडू मोकळ्या मैदानाच्या कडेला ठेवून आम्ही दोघी निघालो. तिचं एक पाऊल साधारण अर्धा मीटर. सहा मीटरला बुध. इथे फार थांबलो नाही. सूर्याच्या इतक्या जवळ असूनही रात्री उणे १८० अंश सेल्सिअसपर्यंत गारठतो, कारण ऊब धरून ठेवायला हवाच नाही, एवढं सांगून पुढे.

अकरा मीटरच्या आत शुक्र. इथे मात्र बराच वेळ गेला. शुक्र सूर्यापासून बुधाच्या जवळजवळ दुप्पट लांब, तरीही सगळ्यांत तापलेला ग्रह तोच, सुमारे ४६५ अंश. कार्बन डायऑक्साइडचं जाड आवरण आत आलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. १९८२ साली सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. "दोन तास?" भाचीला ते फारच कमी वाटलं. शिसं वितळेल अशी उष्णता आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब, त्यात दोन तास काढले हेच खूप, असं मी म्हटलं. तिला ते फारसं पटलं नाही.

शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा, हे वाक्य मुलांच्या पुस्तकांत हमखास सापडतं. ते खोटं नाही: स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत, सूर्याभोवतीची २२५ दिवसांत. पण मुलाच्या लेखी दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तसा मोजला तर तिथला दिवस ११७ दिवसांतच उरकतो. या हिशेबात खरा कूर्मगती आपण मघाशी मागे टाकलेला बुध. त्याचं वर्ष ८८ दिवसांचं आणि सूर्योदय ते सूर्योदय १७६ दिवस. एका दिवसात दोन वर्षं!

पंधरा मीटरला पृथ्वी. टाचणी डोकं वर ठेवून मातीत खोचली. तिच्यापासून चार सेंटिमीटरला जरा कमी अंतरावर वाळूचा एक बारीक कण ठेवला, तो चंद्र. माणूस आजवर जास्तीत जास्त एवढंच लांब गेला आहे. इथून मागे वळून चेंडू पाहिला, तर तो जेवढा दिसतो तेवढाच आकाशातला सूर्य आपल्याला दिसतो. खात्री करायला सूर्याकडे पाहायचं नाही, हे मुलांना बजावूनच सांगावं. पौर्णिमेचा चंद्र साधारण तेवढाच दिसतो, पडताळा रात्री घ्यावा.

प्रकाशाचा वेगही याच प्रमाणात लहान करायचा. सेकंदाला तीन लाख किलोमीटर म्हणजे सेकंदाला तीन सेंटिमीटर. मुंगीची चाल! चेंडूपासून टाचणीपर्यंत यायला त्या मुंगीला ५०० सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. भाचीने मैदानातली एक मुंगी हेरून तिच्याशी पैज लावायचा प्रयत्न केला, पण मुंगी भलतीकडेच गेली.

तेवीस मीटरला मंगळ. लाल मातीचा, म्हणजे खरं तर गंजाचा. तिथला दिवस आपल्यापेक्षा जेमतेम चाळीस मिनिटांनी मोठा. सूर्य मावळताना मात्र आकाश तांबडं न होता सूर्याभोवती निळसर होतं.

इथपर्यंत चार ग्रह पंचेचाळीस पावलांत झाले. पाचवा गाठायला तिला आणखी एकशे दहा पावलं टाकावी लागली. मधे लघुग्रहांचा पट्टा आहे. चित्रपटांत तिथे दगडांची झुंबड दाखवतात. प्रत्यक्षात सगळ्या लघुग्रहांचं वस्तुमान एकत्र केलं तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केच भरतं, आणि यानं तिथून खुशाल निघून जातात. "अजून नाही आला?" हा प्रश्न तीनदा आला. तिने तो विचारावा, यासाठीच तर हा खटाटोप होता.

अठ्ठ्याहत्तर मीटरला गुरू. बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी गुरूचं वस्तुमान त्यांच्या अडीचपट. असा हा बोजड ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. उभं राहायला जमीन नाही. साधी द्विनेत्री दुर्बीण हात न हलवता धरता आली, तर गुरूशेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले चार चंद्र तेच.

१४३ मीटरला शनी. आमच्या प्रमाणात त्याची कडी २.८ सेंटिमीटर रुंद होतात. जाडी? कडी बर्फाच्या तुकड्यांची बनलेली, आणि बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच जाड. कागद वापरला तरी तो हजारो पट जाड ठरेल. म्हणून कडी आपल्याकडे धारेने वळली की छोट्या दुर्बिणीतून दिसेनाशी होतात. २०२५ च्या मार्चमध्ये असंच झालं होतं. शनी पाण्यावर तरंगेल, असंही मुलांना सांगतात. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी आहे हे खरं, पण वायूचा एवढा गोळा काही चेंडूसारखा तरंगत राहणार नाही. मला हे उदाहरण आवडत नाही.

युरेनस २८७ मीटरला. शनीच्या बरोबर दुप्पट, म्हणजे हर्शेलने एका रात्रीत सूर्यमालेचा पसारा दुप्पट केला. हा ग्रह आडवा पडून फिरतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवांवर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. नेपच्यून ४५० मीटरला. तो आधी कागदावर सापडला: युरेनसची चाल का चुकते याचं गणित फ्रान्सच्या ल वेरिएने मांडलं, आणि २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये गालेने सांगितल्या जागी दुर्बीण वळवली, तर ग्रह हजर. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला १६५ वर्षं लागतात. म्हणजे शोध लागल्यापासूनचा त्याचा पहिला वाढदिवस २०११ साली झाला. भाचीला या प्रवासात सगळ्यांत जास्त हसू याच गोष्टीचं आलं.

"आणि प्लूटो? बाबा म्हणतात ग्रह नऊ आहेत." बाबांची चूक नाही. १९३० साली क्लाइड टॉमबॉने तो शोधला आणि ७६ वर्षं तो ग्रहच होता. पण पुढे त्याच भागात त्याच्यासारखे इतर गोल सापडत गेले, म्हणून २००६ मध्ये प्राग इथे खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. प्लूटोचं नाव व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या इंग्लिश मुलीने सुचवलं होतं, हे कळल्यावर भाचीला त्याला यादीतून काढणं अन्यायच वाटू लागलं.

पुढचा तारा कुठे ठेवायचा, हेही तिने विचारलं. याच प्रमाणात सर्वांत जवळचा तारा चार हजार किलोमीटरवर येतो. मधे काहीच नाही.

परतताना चेंडू लांबूनच दिसत होता. पृथ्वी मात्र सापडेना. पंधरा मीटर पुन्हा मोजले, दोघी गुडघ्यांवर बसून माती न्याहाळत राहिलो. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्यांची नेमकी हीच अडचण असते. म्हणून १९९५ साली मायोर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह थेट न पाहता तारा किती डुलतो यावरून ओळखला. टाचणीच्या ओढीने आमचा चेंडू डुलणं शक्य नव्हतं. शेवटी ऊन तिरपं झालं तेव्हा टाचणीचं डोकं चमकलं.

"आणि चंद्र?"

चंद्र नाही मिळाला. वाळूचा कण तो, मातीत कुठे गेला कोण जाणे.