कडू कवठाचे तेल आणि उंदराचा तळवा

गोव्यातील सत्तरी किंवा सांगे तालुक्यात व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने चालताना कधीकधी चेंडूएवढे, तपकिरी, जाड सालीचे फळ पायाशी आलेले दिसते. ते फोडले की गरात रुतलेल्या कोनदार बिया हाती लागतात. हे कडू कवठ, म्हणजेच संस्कृत ग्रंथांतील तुवरक. चटणीच्या कवठाशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. पश्चिम समुद्राच्या काठी उगवणारा, लाटांवरच्या वाऱ्याने ज्याची पालवी हलते असा वृक्ष, असे त्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे आणि त्याच्या बियांचे तेल तेथे कुष्ठावर सांगितले आहे. (त्या काळी ‘कुष्ठ’ या शब्दात इतरही अनेक त्वचारोग मोडत, हे ध्यानात ठेवलेले बरे.)

या तेलाचे पूर्वेकडील भावंड म्हणजे चालमुग्रा. १८५४ मध्ये कोलकात्याच्या डॉ. माउट यांनी ते पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दोन्ही तेले जगभरातील कुष्ठरोग्यांना टोचली जात होती. ती खरोखर गुणकारी होती का, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते, कारण हा रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो, मध्येच आपोआप ओसरतो आणि पुन्हा उसळतो, त्यामुळे बरे वाटले ते तेलाने की काळाने, हे ठरवणे अवघड जाते. अशा वेळी प्राण्यांवर प्रयोग करतात. पण नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या बशीत वाढत नव्हता (आजही वाढत नाही) आणि प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्राण्यांतही त्याची लागण टिकत नव्हती.

वाट सापडली ती १९६० मध्ये. हा जंतू थंडाव्यात वाढतो, म्हणूनच माणसाच्या नाकाला, कानाच्या पाळीला आणि हातापायांना तो आधी धरतो, हे हेरून अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या मागच्या पायाचा तळवा निवडला. तेथे सुमारे पाच हजार जंतू टोचले असता सहा महिन्यांच्या आसपास त्यांचे दहा लाख होतात. एका जंतूचे दोन व्हायला जवळपास दोन आठवडे लागत असल्याने घाई करून भागत नाही. मग तळव्याचा ऊतक वाटून, काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजायचे आणि औषध दिलेल्या उंदरांचा आकडा न दिलेल्यांच्या आकड्याशी ताडून पाहायचा.

चालमुग्रा वर्गातील तेलांमधील विशिष्ट आम्लांची अशी परीक्षा १९७०च्या दशकात झाली आणि ती उंदरांत जंतूंची वाढ रोखतात असे दिसून आले. तोवर कुष्ठरोगावरील डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या येऊन पंचवीसएक वर्षे उलटली होती आणि तेल दवाखान्यांतून केव्हाच हद्दपार झाले होते. थोडक्यात, औषध निवृत्त झाल्यावर त्याची परीक्षा झाली.

या परीक्षेचीही एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते तीच अधिक बोलकी आहे. हे तेल पोटात घेतले की असह्य मळमळ आणि उलट्या होत, आणि कित्येक रोगी त्यामुळेच उपचार अर्ध्यावर सोडून देत. उंदराला मात्र उलटी होतच नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही.