नुकसानभरपाई: शब्द एक, हक्क दोन

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या रिगवर कुणाचा अंगठा पाइपांमध्ये चिरडला की घरी निरोप येतो, 'काळजी करू नका, नुकसानभरपाई मिळेल.' पण कुठली? या एका शब्दाखाली दोन वेगळे हक्क आहेत, आणि माणसं त्यांची गल्लत करून बसतात.

पहिला हक्क १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातला. नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला, गाभा तोच राहिला. यात चूक कुणाची हे विचारत नाहीत. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरतं. दुसरा हक्क दिवाणी न्यायालयातला. तिथे मालकाचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो.

समुद्रात हे सिद्ध करणं किती अवघड, ते २७ जुलै २००५ च्या दुर्घटनेत दिसतं. 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर हलवताना पावसाळी लाटांनी जहाज गॅसच्या नळीवर आदळलं, आग लागली आणि २२ जीव गेले. दोष जहाजाचा, प्लॅटफॉर्मचा, की नळी उघड्यावर ठेवणाऱ्या रचनेचा? दिवाणी दाव्यात हा गुंता सोडवावाच लागतो, आणि नोंदी असतात कंपनीच्या कपाटात. पहिल्या वाटेवर मृताच्या बायकोला यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. ती जिथे राहते तिथल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ही भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात त्याला आयुक्त म्हणत), अर्ज करू शकते, मग ती रत्नागिरीत असो वा अलिबागेत.

सोपी वाट, पण रक्कम बांधलेली. २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबासाठी महिन्याचं वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. तीस वर्षांचा कामगार गेला तर या वेतनाचा निम्मा भाग, ७,५००, गुणिले त्या वयासाठी कायद्याने ठरवलेला गुणांक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. त्याचा खरा पगार ६०,००० असला तरी आकडा हाच. मला हे अन्यायाचं वाटतं. दिवाणी न्यायालय खरी कमाई, वेदना, पुढचे उपचार सगळं पाहू शकतं, पण वर्षं जातात, आणि कामगाराची स्वतःची चूक निघाली तर रक्कम घटते.

कंत्राटी कामगारांनी एवढं लक्षात ठेवावं: काम कंत्राट देणाऱ्या मूळ कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं आणि जागा तिच्या ताब्यातली असेल, तर पहिल्या वाटेवर थेट तिच्याकडे मागता येतं. कंत्राटदाराकडून वसूल करणं हा तिचा प्रश्न.

दोन्ही हक्क एकाच इजेसाठी मालकाविरुद्ध वापरता येत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला की दिवाणी दावा बंद, आणि उलटही. म्हणून पहिला कागद दाखल करण्याआधी वकिलाला दोन्ही आकडे विचारा. आणि मृत्यूच्या प्रकरणात कुणी घरी चेक आणून 'हीच भरपाई, इथे सही करा' म्हणालं, तर ती भरपाई ठरत नाही. ती रक्कम मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते.